अपंगत्व पेन्शन आणि कायद्याची मदत : नाशिकच्या माजी सैनिकांचे नेहमीचे प्रश्न

आधी कुणाचं ऐकताय ते सांगतो. मी फौजेत क्लार्क होतो, वकील नाही. रिटायर होऊन नाशिक रोडला घर केलं, तेव्हापासून रविवारी सकाळी कुणी ना कुणी कागदांची पिशवी घेऊन दारात उभं असतं. सिन्नरहून, निफाडहून, एकदा तर एसटीनं सुरगाण्याहून. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं लिहून काढली. लिहिलंय ते थलसेनेच्या जवानांच्या अनुभवावरून; हवाई दल आणि नौदलातल्या मंडळींना तत्त्व तेच लागू, फक्त कार्यालयं वेगळी.

महिन्याला पेन्शन येतेच आहे. मग ही अपंगत्वाची पेन्शन वेगळी कशी?

तिचे दोन भाग असतात. सर्व्हिस एलिमेंट म्हणजे नोकरीचा भाग आणि डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे शरीराच्या नुकसानीचा. १५ वर्षं पुरी करून आलेल्या जवानाची नोकरीची पेन्शन चालूच असते, त्याचं भांडण फक्त दुसऱ्या भागासाठी. ज्याला मेडिकल बोर्डानं मध्येच घरी पाठवलं, त्याला दोन्ही हवेत. आजार किंवा इजा नोकरीमुळे झाली असं ठरलं, तर सर्व्हिस एलिमेंटला किमान नोकरीची अट नाही. तीन वर्षांत बोर्ड आउट होऊन आलेल्या पोरालाही तो जन्मभर मिळतो.

हिशोब सोपा आहे. शेवटचा पगार, म्हणजे मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे मिळून, ५०,००० धरा. १०० टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे १५,०००. ५० टक्क्यांना ७,५००. त्यावर महागाई वेगळी. लढाईतल्या जखमेचा हिशोब निराळा : बोर्ड आउट झाला असेल तर १०० टक्क्यांना पूर्ण पगाराइतकी रक्कम, नोकरीत राहून पुढे निवृत्त झाला असेल तर पगाराच्या ६० टक्के.

बोर्डानं २० टक्के लिहिलंय. शेजारच्या सुभेदारसाहेबांना ५० टक्क्यांचे पैसे मिळतात, त्यांचंही २०च होतं. हे कसं?

याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ च्या पुढे १००. मात्र मुळात किमान २० टक्के लागतं. १५ ते १९ टक्के लिहिलेल्या फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तो आकडा पाहिला की माझी भुवई वर जाते.

ही सवलत १ जानेवारी १९९६ पासून आली, पण सरकार ती फक्त बोर्ड आउट झालेल्यांना देत होतं. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती द्यावी लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं १० डिसेंबर २०१४ रोजी रामअवतार प्रकरणात सांगितलं. तुमचे सुभेदारसाहेब त्या निकालाच्या जोरावर पुढे गेले असणार. त्याच वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात आणखी एक गोष्ट ठरली : जवानाला आजारामुळे नोकरीतूनच काढलं असेल, तर त्याचं अपंगत्व २० टक्क्यांच्या वर होतं असंच धरावं लागेल. एका हातानं ‘नोकरीला नालायक’ लिहायचं आणि दुसऱ्या हातानं ‘१५ टक्के’, हे चालणार नाही.

नकाराच्या पत्रात ‘एनएएनए’ लिहिलंय. म्हणजे काय?

ही अक्षरं सगळे ‘नाना’ अशीच वाचतात. अर्थ असा, की आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या फाइलवर हे नाना मांडी ठोकून बसलेले असतात. बाकीचे सगळे प्रश्न एका बाजूला आणि हा एक प्रश्न एका बाजूला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निवृत्तीच्या वेळी जो मेडिकल बोर्ड झाला, त्याचा एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म असतो. टक्केवारी नंतर बघा, आधी त्यात आजार नोकरीशी निगडित आहे का, या प्रश्नापुढे काय लिहिलंय ते वाचा. पुष्कळदा तिथे एकच ओळ सापडते : ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’. म्हणजे जात्याच प्रकृतीत असलेला आजार. किंवा ‘पीस स्टेशनला सुरू झाला’, म्हणजे शांततेच्या ठिकाणी पोस्टिंग असताना. संपलं. वीस वर्षं उन्हातान्हात, बर्फात काढलेल्या माणसाचा निकाल एका ओळीत.

सर्वोच्च न्यायालयानं २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात याच ओळीवर बोट ठेवलं. प्रकरण होतं नोकरीत असताना झटके येऊ लागलेल्या जवानाचं. न्यायालय म्हणालं, भरतीच्या तपासणीत कागदावर कुठलाही आजार नोंदलेला नसेल, तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. पुढे प्रकृती बिघडून त्याला बाहेर पडावं लागलं, तर बिघाड नोकरीमुळे झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि बोर्डाला उलट म्हणायचंच असेल, तर तो आजार भरतीच्या वेळी का सापडू शकला नसता याचं कारण लिहावं लागेल. २०१५ मध्ये राजबीर सिंग प्रकरणात हेच पुन्हा ठरलं.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच : कारण लिहिलंय का? नुसतं नाव नको, कारण. रक्तदाब, साखर, मणक्याची गादी सरकणे या आजारांच्या फाइली बहुतांशी याच प्रश्नावर उभ्या राहतात किंवा पडतात. ‘पीस स्टेशन’ हे कारण एकट्यानं पुरत नाही. रक्तदाब काही बदलीचा हुकूम पाहून सुरू होत नाही. सियाचीनला मुरलेला ताण अहमदनगरच्या पोस्टिंगमध्ये मशीनवर दिसतो. दिल्ली उच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये, शांततेच्या ठिकाणी आजार सुरू झाला एवढ्यावर पेन्शन नाकारता येत नाही, असं म्हटलं आहे.

नोकरीत असताना मी स्वतः अशी नकाराची पत्रं टाइप केली आहेत. तेच वाक्य, फक्त नंबर आणि नाव बदलून. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो.

आता दुसरी बाजू. नाना दरवेळी खोटे नसतात. दारूमुळे झालेला आजार नोकरीच्या खात्यावर टाकता येत नाही. मानसिक आजारांत निकाल दोन्हीकडे लागले आहेत. २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बोर्डाचं मत मान्य करून स्किझोफ्रेनिया झालेल्या जवानाला पेन्शन नाकारली. तेव्हा ‘शंभर टक्के जिंकू’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

मी गनर होतो. डाव्या कानानं ऐकू येत नाही. ते धरतात का?

नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच; तोपखान्याचं अर्धं जग देवळालीच्या फायरिंग रेंजवरून गेलेलं आहे. तोफेच्या आवाजानं कानाची नस कमजोर होणं हा नोकरीशी सरळ जोडता येणारा बिघाड आहे. अडचण निराळीच असते. पोरं सांगत नाहीत. फायरिंगनंतर कानाला दडे बसले, शिट्टी वाजत राहिली, तरी दोन दिवसांत बरं होईल म्हणून एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, कुणी जात नाही. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली गेली तर बढती जाईल ही भीती असते. मग निवृत्तीच्या बोर्डाला पहिल्यांदा कानाची चाचणी होते आणि मागचा एकही कागद नसतो.

कागद नसेल तर ट्रेडचा आधार घ्या. किती वर्षं गनर होतात, कुठल्या तोफेवर, किती वर्षं ट्रेनिंगवर उस्ताद म्हणून राहिलात, हे डिस्चार्ज बुकात आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये असतं. भरतीच्या वेळची कानाची नोंद काढा. ती चांगली असेल तर बिघाड मधल्या वर्षांतला, हे उघड आहे. आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांना हात जोडून सांगतो : एमआय रूमला जा, नोंद करून घ्या.

रजेवर गावी असताना मोटारसायकलवरून पडलो. पेन्शन मिळेल?

अवघड आहे. रजा ही ड्युटीच असते, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण इजेचा नोकरीशी काहीतरी धागा दाखवावा लागतो. शेताला पाणी द्यायला निघाला आणि घसरला, तर तो धागा सापडत नाही.

युनिटमधून घरी जातानाचा किंवा परत येतानाचा प्रवास मात्र वेगळा. मदनसिंग शेखावत प्रकरणात, कॅज्युअल रजेवर स्वतःच्या खर्चानं घरी निघालेल्या जवानाचा गाडीतून उतरताना अपघात झाला आणि हात गेला. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये त्याच्या बाजूनं निकाल दिला. अशा प्रकरणात रजेचा पास, तिकीट, इजेचा आयएएफवाय-२००६ हा रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचं मत, हे चार कागद सोनं आहेत.

माझ्याकडे बोर्डाचे कागदच नाहीत. कुठून मिळतील?

तुमच्या रेकॉर्ड ऑफिसकडून. तोपखानावाल्यांचं नशीब, की ते इथेच नाशिक रोड कॅम्पला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव, महार रेजिमेंटवाल्यांना सागर. साधा अर्ज करून बघा. महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस, आणि केंद्र सरकारच्या पोर्टलवरून ऑनलाइनही जातो.

मागताना ‘माझे सर्व मेडिकल कागद’ असं मोघम लिहू नका. भरतीच्या वेळची मेडिकल तपासणी, प्रत्येक कॅटेगरी बोर्ड, निवृत्तीचा बोर्ड, इजा असेल तर तिचा रिपोर्ट, आणि ज्या पत्रानं नकार दिला ते पत्र, असं नाव घेऊन मागा. आर्मी नंबर आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर वर मोठा लिहा. जुना कागद ‘नष्ट केला’ असं उत्तर आलं तर ते पत्र जपून ठेवा. नोंदी सांभाळायची जबाबदारी कार्यालयाची होती, एवढं त्यातून दिसतं आणि ते पुढे उपयोगी पडतं.

सिव्हिल हॉस्पिटलचं ४५ टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे. ते चालेल ना?

पेन्शनसाठी नाही. ते दिव्यांग हक्क कायद्याखालचं, हे लष्कराच्या नियमांखालचं. पेन्शनच्या टक्क्यांचा निर्णय लष्करी बोर्डच करतो. पण ते सर्टिफिकेट फाडून टाकू नका, वकिलाच्या प्रश्नात त्याचं काम आहे.

अपील कुठे करायचं? किती दिवसांत?

नकाराचं पत्र हातात पडल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील. तेही नाकारलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. दोन्ही रेकॉर्ड ऑफिसमार्फत वर जातात आणि दिल्लीतल्या समित्या त्यावर ठरवतात. रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती फोटो काढून ठेवा. पावतीची शाई वर्षभरात उडते.

अपिलात भावनेच्या चार पानांपेक्षा एक पान मुद्द्याचं बरं. भरतीला फिट होतो, अमुक साली अमुक ठिकाणी आजार निघाला, त्याआधी कुठे कुठे पोस्टिंग होतं, बोर्डानं कारण दिलेलं नाही. ‘मी देशाची सेवा केली’ हे वाक्य समितीला रोज वाचायला मिळतं.

रिटायर होऊन बावीस वर्षं झाली. आता उशीर झाला ना?

हक्क मेलेला नाही, पैसे मात्र गेले. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून अन्यायही दर महिन्याला नव्यानं होतो, असं न्यायालय मानतं. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार उशिरा आलेल्याला साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच थकबाकी मिळते. म्हणजे विचार करण्यात घालवलेला प्रत्येक महिना खिशातून जातो. लेकीचं लग्न झालं की बघू, द्राक्षाचा हंगाम झाला की बघू, असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात.

ट्रिब्युनल म्हणजे काय? मुंबईला किती फेऱ्या पडतील?

आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल हे खास फौजेच्या प्रकरणांसाठीचं न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं झालं, २००९ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईत बसतं. समोर दोन सदस्य असतात, एक न्यायालयातले आणि एक फौजेतून निवृत्त झालेले वरिष्ठ अधिकारी. एएफएमएसएफ-१६ म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही, हा मोठा फायदा.

आधी अपिलाची वाट चोखाळावी लागते. अपिलाचा निकाल आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. सरकार सहा महिने उत्तरच देत नसेल तरी पुढे जाता येतं. फेऱ्यांचं म्हणाल, तर पेन्शनच्या केसमध्ये साक्षीपुरावे फारसे नसतात, सगळं कागदावर चालतं. वकील दिला असेल तर तुम्ही दर तारखेला हजर असायलाच हवं असं नाही. पण एकदा तरी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून जाऊन या. आपली केस कुठल्या खोलीत चालते हे पाहिलेला माणूस वकिलाला योग्य प्रश्न विचारतो.

ट्रिब्युनलमध्ये हरलात तर? सर्वोच्च न्यायालयाची वाट फार अरुंद आहे. मात्र मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात ठरलं, की ट्रिब्युनलच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. नाशिकच्या माणसाला हे परवडणारं आहे.

वकील किती पैसे घेतो? एकानं थकबाकीच्या २५ टक्के मागितले.

सही केली नसेल तर उठा तिथून. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. असं मागणारा एक तर नियम मोडतोय, नाहीतर तो वकीलच नाही. कॅन्टीनच्या रांगेत कार्ड वाटणारे जे असतात, ते बहुधा दुसऱ्या प्रकारातले. कोऱ्या कागदावर सही, कोरा चेक, ‘स्पर्श’ या पेन्शन पोर्टलचा पासवर्ड, यातलं काहीही कुणाला देऊ नका. मलासुद्धा नाही.

आता ते सिव्हिलचं सर्टिफिकेट काढा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रियांनाही नाही, म्हणजे वीरपत्नी आणि विधवा वहिनींना हा हक्क थेट आहे. अनुसूचित जाती-जमातींनाही आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करायचा. फोन करायचा तर १५१०० हा देशभरचा क्रमांक. २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिवशी, सैनिक कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू झाली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर तिची चौकशी करा.

मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील, असा आपल्याकडे समज आहे. माझा अनुभव संमिश्र आहे. चांगले मनापासून लढतात, पण लष्करी पेन्शनची केस पूर्वी चालवली आहे का, हे विचारायला लाजू नका.

मी स्वतः अर्ज करून घरी आलो. मग बोर्डाचे टक्के वाया?

नाही. १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतर नोकरीत असलेल्यांना स्वतःहून बाहेर पडूनही डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतो, आणि पुढे त्याआधीच्यांचाही विचार झाला. अपंगत्व नोकरीशी निगडित असल्याची अट अर्थातच कायम.

मी डिसेंबर २०२३ मध्ये रिटायर झालो. मला वेगळे नियम सांगतात.

खरं सांगतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. मुदत पुरी करून आलेल्यांच्या अपंगत्वाच्या रकमेला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ म्हणतात, आणि जवानाच्या बाजूनं जे गृहीत धरलं जायचं ते नव्या नियमांत बरंच आखडलं आहे. म्हणून तुमच्या केसमध्ये नुसत्या २०१३ च्या धरमवीर सिंग निकालावर विसंबू नका. पोस्टिंग आणि आजार यांचा संबंध दाखवणारे कागद जास्त लागतील. उलट, आधी निवृत्त झालेल्यांना कुणी नवे नियम दाखवून परत पाठवत असेल, तर ऐकून घेऊ नका.

वडील केस चालू असतानाच वारले. आईनं काय करायचं?

केस वाऱ्यावर सोडू नका. वारस म्हणून आईचं नाव लावण्याचा अर्ज लगेच करा. वडिलांच्या हयातीतली थकबाकी आईला मिळू शकते. मृत्यू त्याच आजारानं झाला असेल, तर साध्या कुटुंब पेन्शनऐवजी विशेष कुटुंब पेन्शनचा दावा वेगळा होतो. मृत्यूच्या दाखल्याबरोबर दवाखान्याचा शेवटचा कागदही जपा, कारण दाखल्यावर नुसतं ‘हृदयक्रिया बंद’ असतं आणि त्यातून काही सिद्ध होत नाही.

अग्निवीरांचं काय?

त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला एकरकमी रक्कम आहे : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. नोकरीशी संबंध दाखवायचा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही. म्हणून त्यांच्या आईवडिलांना मी तेच सांगतो, पोराला म्हणावं, लागलं की एमआय रूमची नोंद कर.

इन्कम टॅक्स कापला. अपंगत्व पेन्शन करमुक्त असते ना?

२०१९ च्या एका परिपत्रकानं ही सूट बोर्ड आउट झालेल्यांपुरती म्हटली आणि तेव्हापासून वाद आहे. ताजी स्थिती रिटर्न भरण्याआधी सीएला विचारा, गावातल्या ग्रुपवर नको.

केस जिंकलो, आठ महिने झाले, पैसे नाहीत.

निकाल लागला म्हणजे नवा पीपीओ आपोआप निघतो, असं नाही. निकालाची प्रमाणित प्रत, बँकेचा तपशील आणि अर्ज रेकॉर्ड ऑफिसला द्या. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे जातं आणि दुरुस्त पीपीओ स्पर्श पोर्टलवर दिसतो. निकालात दिलेली मुदत टळली तर ट्रिब्युनलमध्येच अंमलबजावणीचा अर्ज करायचा. तो गेला की फाइल बरोबर सापडते. पैसे आले की आधी टक्के आणि तारीख तपासा. एकाला ५० ऐवजी २० टक्क्यांनीच रक्कम आली होती आणि त्यानं पेढे वाटून टाकले होते.

रविवारी येताना काय आणू?

झेरॉक्स. मूळ कागद घरी कपाटात. डिस्चार्ज बुक, पीपीओ, नकाराचं पत्र, बोर्डाचे असतील ते कागद. आणि एका साध्या कागदावर सालवार पोस्टिंग लिहून आणा, वहिनींना शेजारी बसवून लिहा. कुठल्या साली कुठल्या क्वार्टरमध्ये होतो, आणि हे रात्री-अपरात्री कधीपासून उठून बसायला लागले, ते त्यांना जास्त आठवतं.